टाळी आणि मिरच्या

पुण्याला दिलेली माझी नणंद वाचून झालेले दिवाळी अंक मला पाठवते. ते कुंभकोणमला पोचेपर्यंत पोंगल होऊन गेलेला असतो, पण मला घाई नसते. त्यात कुणी टपालखात्यातला, कुणी नर्सबाई, कुणी रेल्वेतला माणूस आपल्या नोकरीबद्दल लिहितो. ते लेख मी सगळ्यांत आधी वाचते. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि माझं काम सुटलं, तेव्हापासून वाटतंय की आपणही लिहावं. मी चौथी शिकलेली, तीही तमिळ शाळेत. मराठी अक्षरं वडिलांनी भजनाच्या वहीवरून शिकवली. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझा घसा सुकतो, कागदासमोर मात्र सुकत नाही. म्हणून लिहिते आहे. हे पाठवणार कुठेच नाही.

लिहायची भाषा मी त्या अंकांतून उचलली आहे. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडे राहिलेल्या आमच्या घरांत बोलतात ती मराठी जुनी, तमिळ मिसळलेली. पुण्याच्या नणंदेच्या सुना ती ऐकून हसतात. ती मी फक्त माणसांच्या तोंडी ठेवली आहे.

ज्या लहान मुलांना बोलणं उशिरा येतं त्यांच्या स्पीच थेरपीच्या केंद्रात मी आया होते. महामहम तळ्याजवळच्या एका गल्लीत, औषधाच्या दुकानावर, दोन खोल्या. न बोलणाऱ्या मुलांत ही न बोलणारी बाई बरी सापडली, असं माझे यजमान म्हणायचे. झाडणं-पुसणं, खेळणी गरम पाण्यात धुणं, आईला सोडून आत न येणाऱ्या पोराला कडेवर घेऊन आणणं, हे माझं काम. शिवाय खेळायला तिसरं माणूस लागलं की मी बसायची. चेंडू मॅडमकडून माझ्याकडे, माझ्याकडून मुलाकडे. मुलाला कळायला हवं की आपली पाळी येते. बोलणं म्हणजे तेच, पाळीपाळीनं करायचं काम.

आमच्या पूंगोडी मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या. बाहेरच्या लोकांना वाटतं, त्या मुलाला समोर बसवून 'म्हण अम्मा, म्हण अप्पा' असं करत असतील. तसं केलं तर मूल टेबलाखाली जातं. मॅडम बरणीत बाहुली ठेवून झाकण घट्ट लावायच्या, बरणी मुलासमोर ठेवायच्या आणि गप्प बसायच्या. मूल बरणी आपटतं, रडतं, आईकडे बघतं. शेवटी मॅडमकडे बघून काहीतरी आवाज काढतं. 'आ' का असेना. त्या क्षणी झाकण उघडायचं आणि शाबासकी द्यायची. क्षण टळला तर मुलाला कळत नाही की शाबासकी कशाची. त्या कामातलं सगळ्यांत कठीण म्हणजे थांबणं. पालकांना ते जमत नाही. मूल तोंड उघडायच्या आत आईच शब्द बोलून मोकळी होते.

शाबासकीचंही प्रत्येक मुलाचं वेगळं असतं. नाचियार्कोविलच्या एका समई करणाऱ्याचा मुलगा यायचा. टाळी वाजवली की तो कान झाकून भिंतीला चिकटायचा. मॅडमनी फुगे करून पाहिले, चिकटवायची चित्रं दिली. तो बघायचासुद्धा नाही. एक दिवस त्याचा बाप जिन्यात उभा असताना त्याच्या पिशवीतल्या पितळी भांड्यावर किल्ली आपटली, आणि मुलगा आतून धावत आला. पुढच्या खेपेला बापानं कारखान्यातून करंगळीएवढी एक घंटा आणली. शब्द निघाला की एक टिण्ण. त्यासाठी तो पोरगा घाम गाळून बोलायचा. बापाला वाटत होतं पोराला काहीच आवडत नाही, आणि पोराला बापाचंच काम आवडत होतं. बाप त्या दिवशी जिन्यात बसून राहिला, मी त्याला पाणी नेऊन दिलं.

सगळ्यांचं असं झालं नाही. काही मुलं यायची बंद झाली आणि ती पुढे बोलली की नाही ते मला आजही माहीत नाही. बाजारात त्या वयाचा कुणी पोरगा दिसला की मी त्याच्या तोंडाकडे बघत राहते.

पण लिहायला बसले ते निधीसाठी.

निधी तिरुविडैमरुदूरची, आमच्यासारख्याच मराठी घरातली. चौथं लागलेलं, काळेभोर डोळे, आणि बोलणं म्हणाल तर काही नाही. ऐकू छान यायचं, सांगितलेलं सगळं कळायचं. तिची आई गायत्री शिवणाचे क्लास घ्यायची, म्हणून सुट्टी असली तरच यायची; रोज बसनं निधीला घेऊन यायची ती आजी. तुळसाबाई. नऊवारी नाही, पण जुन्या वळणाची साडी, कपाळावर मोठं कुंकू. बाहेर कुणाशीही तमिळमध्ये, ते अगदी मोजकं. मॅडमना 'सरि, सरि', म्हणजे बरं बरं, एवढंच म्हणायच्या. मी मराठी आहे हे कळल्यावर माझ्याशी मराठीत बोलू लागल्या, तेही ऊनपाऊस आणि भाजीचे भाव एवढंच. मी लाजरी आणि त्या मानी, आमचं जमलं.

पहिला महिना सुरेख गेला. निधी पिसं फुंकायला शिकली. चेंडूला 'बा' म्हणू लागली. तिनं पहिल्यांदा 'बा' म्हटलं त्या दिवशी मॅडम, गायत्री, मी, दाराशी उभे असलेले दुसरे पालक, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम 'सूपर, सूपर' म्हणत तिला उचलून फिरल्या. घरीही असंच कौतुक करा, शेजाऱ्यांनाही सांगा, असं त्यांनी गायत्रीला बजावलं. तुळसाबाई बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही. जुनं माणूस, संकोचत असेल, असं मला वाटलं.

नंतर निधी बंद झाली. हळूहळू नाही, एखादं दार लोटावं तशी. बरणी समोर आली की हात मागे घ्यायची. फुंकरसुद्धा मारेना. मॅडमनी शाबासकी वाढवली, कारण आमच्या कामात मूल मागे हटलं की आधी तेच करतात. मोठ्यानं टाळ्या, रंगीत फुगा, कागदी मुकुट. एकदा तिच्या तोंडून चुकून 'बा' निसटलं आणि आम्ही सगळ्या 'शाबास' म्हणून पुढे झालो, तर तिनं दोन्ही तळव्यांनी तोंड दाबून धरलं आणि डोळे मिटून घेतले.

त्यातच तिच्या वडिलांचा निरोप आला. शाळेत घालायचं वर्ष. मुलगी निदान थोडं बोलल्याशिवाय शाळा तिला घ्यायला तयार नव्हती. चेन्नईला गायत्रीची बहीण राहत होती, तिथे मोठमोठी केंद्रं आहेत. शाळा उघडेपर्यंत इथे काही झालं नाही तर निधीला मावशीकडे ठेवायचं, असं घरी ठरलं. गायत्रीला क्लास सोडून जाता येत नव्हतं, आजीला तिकडचं हवामान सोसत नव्हतं. म्हणजे पोर एकटी जाणार. गायत्री हे सांगताना निधीच्या वेणीची रिबन सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. पोराला बोलतं करायला त्याच्या आईपासून तोडायचं, हे मॅडमना पटत नव्हतं. पण दाखवायला हातात काही नव्हतं.

एका सकाळी मॅडमनी सगळं आवरून ठेवलं. बरणी नाही, चेंडू नाही. एक चिंधीची बाहुली घेऊन त्या जमिनीवर आडव्या झाल्या आणि आपल्याशीच खेळू लागल्या. निधी लांबून बघत होती. मॅडमनी बाहुलीच्या आवाजात 'बा' म्हटलं आणि बाहुली खाली ठेवली, टाळी नाही, काही नाही.

निधी आली. तिनं आपणच बाहुलीसाठी टाळी वाजवली. मग उजव्या हाताची मूठ वळली, बाहुलीच्या डोक्यावरून गोल गोल फिरवली, आणि ती मूठ कोपऱ्यात कशात तरी टाकल्यासारखी उघडली. त्यानंतर तिनं बाहुलीचे डोळे आपल्या हातानं झाकले आणि बाहुलीच्या वतीनं खोकू लागली. खॉ खॉ, अगदी श्वास कोंडल्यासारखं. खोकून झाल्यावर बाहुलीच्या तोंडावर बोट ठेवलं.

हे काय ते तमिळ मुलखात कुणाला सांगावं लागत नाही. मॅडम उठून बसल्या. लहानपणी मलाही असंच करायचे, म्हणाल्या, मी पलंगाखाली लपायची.

मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन मुलावरून ओवाळायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. आम्ही त्याला दृष्ट काढणं म्हणतो. कौतुक झालं की दृष्ट लागते. आणि कौतुक तर आम्ही रोज करत होतो, टाळ्या पिटून, दार उघडं ठेवून. निधीच्या हिशेबात सगळं सरळ होतं. तोंडातून आवाज निघाला की टाळ्या, टाळ्या झाल्या की घरी मिरच्यांचा धूर. धुराला कोण बोलावतं? ती स्वतःच. मग तिनं तोंड बंद केलं.

आता तुळसाबाईंना सांगायचं कोणी? मॅडम म्हणाल्या, "मी सांगितलं तर त्या सरि म्हणतील आणि घरी जाऊन माझीसुद्धा दृष्ट काढतील. अक्का, तुम्ही तुमच्या भाषेत बोला."

वयानं मोठ्या, मानी बाईला मी काय सांगणार? दोन खेपा मी नुसती त्यांच्या शेजारी बसून उठले. तिसऱ्या खेपेला निधी आत असताना त्यांनीच विचारलं, काय गे, मघापासून पदर काय पिळतेस? मग मी बाहुलीचं सगळं सांगितलं. कसं सांगितलं देव जाणे, माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

त्या रागावल्या नाहीत. 

"तुम्ही सगळे मिळून टाळ्या पिटतां," त्या म्हणाल्या, "खाली औषधाच्या दुकानास ऐकू जातं. कोणाची नजर कशी, कोणास ठाऊक? निधीचा बाप तीन वर्षांचा होता, मठात उभा राहून स्तोत्र म्हणायचा. लोक लांबून येऊन ऐकायचे. मीच मिरवलं त्यास. मग ताप आला आणि जीभ अडकली ती आजपोतर. एक शब्द काढायचा तर घाम येतो लेकराला. तेव्हां मी दृष्ट काढली नाही. आतां नातीची काढूं नको म्हणतेस?"

निधीचे वडील तोतरं बोलतात हे मला तोवर माहीत नव्हतं. ते आमच्याकडे कधी आलेच नव्हते, निरोप पाठवायचे. का ते तेव्हा कळलं.  काढू नका असं म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. म्हणून मी भलतंच विचारलं, की मग घरी तुम्ही हिचे लाड कसे करता?

"लाड काय, करतोच की," त्या म्हणाल्या. "चोरटी म्हणतों, कावळी म्हणतों. जेवली नीट की म्हणायचं, काय खादाड गे ही वानरी. चांगट म्हटलं की दृष्ट लागते. वाईट म्हटलेल्यास कोण नजर लावतो?"

मला हसू आलं. माझ्या आईनं मला लग्न होईपर्यंत 'घुबडी' म्हटलं. त्यात किती माया होती हे मला त्या घडीपर्यंत कधी मोजावंसं वाटलं नव्हतं.

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. बरणीत बाहुली का ठेवतो, तर मुलाला ती हवी असते म्हणून. टाळी हिला नकोच असेल तर ती शाबासकी कसली, असं त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, तो शब्द पुन्हा सांगा. चोरटी. मॅडम म्हणाल्या, सोरटी. आमच्या गावच्या तमिळमध्ये 'च' आणि 'स' एकमेकांच्या घरी जाऊन राहतात. मी पुन्हा सांगितलं, त्या पुन्हा सोरटी. असू दे, म्हणाल्या, तुळसाबाईंना आत बोलवा.

आजीला खुर्ची आत दिली. दार लावून घेतलं, खिडकीही. टाळ्यांऐवजी चोरटी म्हणणार असाल तर मिरच्या आणि निखारा बंद, एवढं तुळसाबाईंनी कबूल केलं होतं. त्याऐवजी रोज इथून निघताना निधीवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडायची, गालावर काजळाचा ठिपका लावायचा. तेवढ्यानं भागतं का ते बघू, आणि पोरीला ताप आला तर मी तुमचं कोणाचं ऐकायची नाही, असंही म्हणाल्या.

पहिल्या दिवशी निधी तोंड मिटूनच होती. मॅडमनी पीस फुंकलं, मी फुंकलं, पीस जाऊन तिच्या नाकाला लागलं. ती फस्सकन हसली आणि पीस उडालं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सोरटी."

कोपऱ्यातून आवाज आला, "सोरटी नव्हे. चोरटी."

"सोरटी," मॅडम म्हणाल्या.

"च. जीभ टाळूस लावा. चो."

"सो."

"अवो, एवढ्या शिकलेल्या तुम्ही. चो, चो."

मॅडम मुद्दाम करत होत्या की त्यांना खरंच येत नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी नंतर विचारलं तर त्या नुसत्या हसल्या. पण निधीचं डोकं मात्र आजीकडून मॅडमकडे आणि मॅडमकडून आजीकडे फिरत राहिलं. मोठ्या बाईला एक शब्द येत नाही आणि तिला कोणी टाळ्या वाजवत नाही, उलट तिला रागे भरतात, हे तिनं कधी पाहिलं नसावं. ती मॅडमच्या जवळ गेली, त्यांच्या ओठांकडे बोट केलं आणि म्हणाली,

"तोटी."

मॅडम हलल्या नाहीत. माझे हात टाळीसाठी वर आले होते ते मी एकमेकांत गुंफून मांडीखाली दाबले. बघितलं तर तुळसाबाईंचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, पण आवाज त्यांनी कोरडा ठेवला.

"कावळी," त्या म्हणाल्या. "दोघींस येत नाही. एकीस सोरटी, एकीस तोटी."

निधी खुदकन हसली आणि पुन्हा म्हणाली, तोटी. मग मला बोट दाखवून, तोटी. मग बाहुलीला. त्या दिवशी आमच्या खोलीत एकही माणूस चोर ठरल्यावाचून राहिला नाही.

पुढे ते सोपं गेलं असं नाही. काही आठवडे ती फक्त तोटीच म्हणे. मग 'बा' परत आलं, 'ता' आलं, 'आजी' आलं, दूध मागायचा एक शब्द आला तो तिचा तिनंच केलेला होता. गायत्री आली की जिना चढतानाच सांगत यायची, आज काय नवीन ते. शेजाऱ्यांना सांगायचं तिनं बंद केलं होतं. मॅडमनी भिंतीवरचं 'भरपूर कौतुक करा' असं लिहिलेलं रंगीत पान काढलं नाही. त्याखाली पेन्सिलनं 'कसं ते विचारून' एवढं लिहिलं.

शाळा उघडायला थोडे दिवस उरले असताना निधीचे वडील पहिल्यांदा आले. उंच माणूस, इस्त्रीचा शर्ट. खुर्चीच्या टोकावर बसले. तुळसाबाई माझ्या शेजारी ताठ उभ्या होत्या. निधी खाली ठोकळे मांडत होती. शाळा आता हिला घेते का हे बघायला वडील थांबले नव्हते, मावशीशी बोलणं पक्कं केलं होतं, आणि तेच सांगायला ते आले होते. घरी मुलगी काही शब्द बोलते हे त्यांच्या कानावर होतं, पण घाईघाईनं आशा धरायची त्यांना सवय नव्हती.

ते तमिळमध्ये मॅडमना म्हणाले, आम्ही ठरवलंय की हिला... आणि अडकले. "चे, चे, चे..." मान वर गेली, डोळे मिटले, गळ्याच्या शिरा दिसू लागल्या. असं कोणी अडकलं की लोक त्याला शब्द पुरवतात, नाहीतर दुसरीकडे बघतात. तुळसाबाईंनी तोंड फिरवलं. चेन्नई हा शब्द आम्हा सगळ्यांना माहीत होता आणि तो निघू नये असं माझ्या मनात होतं. पण मॅडमनी तो पुरवला नाही आणि नजरही काढली नाही. मुलांसाठी थांबतात तशाच थांबल्या.

निधीनं ठोकळा खाली ठेवला. ती उठून वडिलांच्या गुडघ्यापाशी जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. तीही थांबली.

"चेन्नईला," शेवटी निघालं.

"बाबा तोटी," निधी म्हणाली.

दोन शब्द एकाला एक जोडून ती पहिल्यांदाच बोलली होती. वडिलांना अर्थ लगेच लागला असणार, त्या घरात वाढलेला माणूस, त्यांनाही तुळसाबाईंनी तेच म्हटलं असणार. त्यांनी आपल्या आईकडे पाहिलं. तुळसाबाई पुढे झाल्या, दोघांच्या डोक्यांवर हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकड बोटं मोडली, आधी लेकासाठी, मग नातीसाठी, आणि परत माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता आणि तो हलत होता.

ते चेन्नईचं वाक्य पुढे गेलं नाही. वडिलांनी निधीला मांडीवर घेतलं, तिच्या गालावरचं काजळ त्यांच्या शर्टाला लागलं. मी उठून खिडकी उघडली. 

थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडे पाहून मराठीत विचारायला सुरुवात केली, सोमवारी हिला किती वाजता आणू म्हणून. 'सो'वरच अडकले. मॅडम थांबल्या, आजी या वेळी तोंड न फिरवता थांबल्या, मी थांबले. घाई कुणालाच नव्हती.